घड्याळाचं इंग्रजी: ‘क्लॉक’च्या शब्दजोड्या आणि वाक्प्रचार चुकू नयेत म्हणून

मराठीत भिंतीवरचंही घड्याळ आणि मनगटावरचंही घड्याळच. इंग्रजीत मात्र भिंतीवर, टेबलावर किंवा मनोऱ्यावर असतं ते ‘क्लॉक’, आणि जे अंगावर वागवलं जातं, मनगटावर किंवा खिशात, ते ‘वॉच’. मनगट पुढे करून ‘माय क्लॉक हॅज स्टॉप्ड’ म्हटलं तर ऐकणारा क्षणभर अडखळतो. धावण्याची वेळ मोजायचं यंत्र हातात धरतात, म्हणून ते ‘स्टॉपवॉच’. घड्याळाच्या इंग्रजीत होणाऱ्या बहुतेक चुका याच जातीच्या असतात: मराठीत जिथे एका शब्दावर भागतं, तिथे इंग्रजीने दोन-तीन शब्द वेगवेगळ्या कामांना लावलेले असतात.

‘क्लॉक’ हा शब्द मध्ययुगीन लॅटिनमधल्या ‘क्लॉका’वरून आला आणि त्याचा अर्थ होता घंटा. फ्रेंचमधला ‘क्लोश’ आणि जर्मनमधला ‘ग्लोके’ हे त्याचे भाऊबंद आजही घंटेलाच म्हणतात. इंग्लंडमधल्या सॉल्झबरी कॅथेड्रलमध्ये १३८६ सालचं मानलं जाणारं एक घड्याळ आहे, त्याला तबकडीच नाही. ते फक्त ठोके द्यायचं. ही घंटा मनात ठेवली की ‘द क्लॉक स्ट्राइक्स’ या जोडीत ‘मारणे’ या अर्थाचं क्रियापद कुठून आलं ते विचारावं लागत नाही.

वेळ विचारताना आणि सांगताना

‘तुझ्या घड्याळात किती वाजलेत?’ याचं शब्दशः ‘व्हॉट इज द टाइम इन युअर वॉच?’ करू नका. ‘व्हॉट टाइम इज इट?’ एवढं पुरे. अनोळखी माणसाला विचारताना ब्रिटिश लोक ‘हॅव यू गॉट द टाइम?’ म्हणतात, अमेरिकन ‘डू यू हॅव द टाइम?’ म्हणतात. यातला ‘द’ गाळला तर प्रश्नच बदलतो. ‘डू यू हॅव टाइम?’ म्हणजे ‘सवड आहे का?’ उत्तर देताना घड्याळाचा उल्लेख करायचा असेल तर ‘बाय माय वॉच’ किंवा ‘माय वॉच सेज टेन पास्ट फोर’. ‘इन माय वॉच’ टाळा, कारण ‘इन’ म्हटलं की घड्याळाच्या पोटात काहीतरी आहे असं वाटतं.

मराठीत वेळ ‘वाजते’, घंटा वाजते, अलार्मही वाजतो. इंग्रजीत या तिन्ही ठिकाणी वेगळं क्रियापद. ‘पाच वाजले’ हे साधं ‘इट्स फाइव्ह’; तिथे ‘रँग’ चालत नाही. ‘नुकतेच पाच वाजून गेले’ याला ब्रिटिश बोलीत ‘इट्स जस्ट गॉन फाइव्ह’. घड्याळाने खरोखर ठोके दिले तरच ‘द क्लॉक स्ट्रक फाइव्ह’. ‘स्ट्राइक’चा भूतकाळ ‘स्ट्रक’ होतो, ‘स्ट्राइक्ड’ नाही. ठोक्यांऐवजी घड्याळ सूर वाजवत असेल तर ‘चाइम’, आणि आतली टिकटिक ती ‘टिक’.

‘ओक्लॉक’ हे ‘ऑफ द क्लॉक’चं आखडलेलं रूप आहे आणि ते फक्त पूर्ण तासाला लागतं. ‘फाइव्ह ओक्लॉक’ बरोबर, ‘फाइव्ह थर्टी ओक्लॉक’ चूक. ‘ओक्लॉक’नंतर ‘ए.एम.’ किंवा ‘पी.एम.’ही जोडू नये. ‘फाइव्ह ओक्लॉक इन द मॉर्निंग’ किंवा नुसतं ‘फाइव्ह ए.एम.’, दोन्हींपैकी एक निवडा.

सव्वा, साडे, पावणे यांच्यामुळे मराठी माणसाला इथे खरं तर सोपं जायला हवं, कारण इंग्रजीचे भागही तेच आहेत. सव्वापाच म्हणजे ‘क्वार्टर पास्ट फाइव्ह’, साडेपाच म्हणजे ‘हाफ पास्ट फाइव्ह’, पावणेपाच म्हणजे ‘क्वार्टर टू फाइव्ह’. अडतं ते दीड आणि अडीचला. ‘वन अँड अ हाफ’ हा दीड तास होऊ शकतो, दीड वाजता कधीच नाही. दीड वाजता म्हणजे ‘हाफ पास्ट वन’, अडीच वाजता ‘हाफ पास्ट टू’.

ब्रिटिश माणूस ‘हाफ फाइव्ह’ म्हणतो तेव्हा त्याला साडेपाच म्हणायचं असतं. जर्मन शिकलेल्यांनी इथे जास्त सावध राहावं, कारण जर्मनमध्ये तशीच रचना साडेचारसाठी वापरतात. अमेरिकेत सव्वापाचला ‘क्वार्टर आफ्टर फाइव्ह’ आणि पावणेपाचला ‘क्वार्टर ऑफ फाइव्ह’ असंही म्हणतात. हा ‘ऑफ’ फसवा आहे. ऐकताना तो ‘टू’सारखाच समजायचा, म्हणजे पाचला पाव तास कमी.

‘नऊच्या ठोक्याला’ यासाठी इंग्रजीत जवळजवळ हुबेहूब जोडी आहे, ‘ऑन द स्ट्रोक ऑफ नाइन’. रोजच्या बोलण्यात ‘ॲट नाइन ऑन द डॉट’ किंवा ‘ॲट नाइन ओक्लॉक शार्प’. ‘शार्प’ नेहमी वेळेच्या मागे येतो. ‘शार्प ॲट नाइन’ किंवा ‘शार्प नाइन ओक्लॉक’ हे मराठी ‘बरोबर नऊ वाजता’च्या क्रमावरून झालेलं भाषांतर आहे. गाडी दर तासाला बरोबर पूर्ण तासावर सुटत असेल तर ‘एव्हरी अवर, ऑन द अवर’.

घड्याळ चालतं, मागे पडतं, बंद पडतं

‘घड्याळ बंद पडलं’ याचं ‘माय वॉच इज क्लोज्ड’ ही फार सर्रास होणारी चूक. दुकान ‘क्लोज्ड’ असतं, दार ‘क्लोज्ड’ असतं. घड्याळ ‘हॅज स्टॉप्ड’. ‘ऑफ’ वापरलात तर अर्थ आणखीच भलतीकडे जातो: ‘द क्लॉक इज फाइव्ह मिनिट्स ऑफ’ म्हणजे घड्याळ चालू आहे, पण पाच मिनिटांनी चुकतंय.

पुढे असणं ‘फास्ट’, मागे असणं ‘स्लो’, आणि मिनिटं त्याच्या आधी येतात: ‘माय वॉच इज फाइव्ह मिनिट्स फास्ट’. ही झाली आत्ताची स्थिती. रोज थोडं थोडं पुढे किंवा मागे जात राहण्याला वेगळी क्रियापदं आहेत, ‘गेन’ आणि ‘लूज’. एखादं घड्याळ ‘लूझेस टू मिनिट्स अ डे’ आणि सोमवारी सकाळी ते बरोबर लावलं, तर गुरुवारी सकाळी ते ‘सिक्स मिनिट्स स्लो’ असेल. एकच बिघाड, पण पहिल्या वाक्यात त्याचा वेग आहे आणि दुसऱ्यात त्याचा परिणाम. घड्याळ नीट वेळ दाखवत असेल तर ‘इट कीप्स गुड टाइम’; इथे ‘शोज’ किंवा ‘गिव्ह्ज’ म्हणू नये.

काट्याला ‘हँड’ म्हणतात: ‘अवर हँड’, ‘मिनिट हँड’, ‘सेकंड हँड’. ‘नीडल’ होकायंत्राला आणि दाब मोजायच्या यंत्राला असते. तबकडी म्हणजे ‘फेस’ किंवा ‘डायल’. ‘सेकंड हँड’ आणि वापरलेल्या वस्तूचा ‘सेकंडहँड’ यात गोंधळ होऊ नये म्हणून शब्दाची जागा बघा. ‘द सेकंड हँड’ असं नाम आलं की काटा, ‘अ सेकंडहँड वॉच’ असं दुसऱ्या नामाच्या आधी आलं की जुनं घड्याळ. मुलाला घड्याळ कळायला लागलं, तर ‘ही कॅन टेल द टाइम’.

चावी देणं म्हणजे ‘वाइंड’. स्पेलिंग वाऱ्याच्या ‘विंड’चंच असतं, उच्चार मात्र वाइंड. त्याचा भूतकाळ ‘वाउंड’, आणि तेच स्पेलिंग ‘वूंड’ असं वाचलं तर जखम. मोठ्याने वाचताना इथे हमखास पाय घसरतो.

अलार्मबद्दल दोन गोष्टी पक्क्या करून ठेवा. पहिली, ‘सेट द अलार्म फॉर सिक्स’. ‘ॲट सिक्स’ म्हटलं तर सहा वाजता बसून अलार्म लावला असा अर्थ होतो. दुसरी, ‘द अलार्म वेंट ऑफ’ म्हणजे अलार्म वाजला. ‘ऑफ’ दिसल्याबरोबर ‘बंद झाला’ असा अर्थ लावणारे खूप आहेत, आणि त्यामुळे ‘माय अलार्म डिडन्ट गो ऑफ’ ही उशिराची सबब त्यांना उलटी ऐकू येते. बंद करायचा तो ‘टर्न ऑफ’. दिवा जाताना ‘गो आउट’ किंवा ‘गो ऑफ’ म्हणतात, बॉम्ब फुटतानाही ‘गो ऑफ’. अलार्मची संगत बॉम्बाशी आहे, दिव्याशी नाही, असं लक्षात ठेवलं की पुन्हा चुकत नाही.

वाक्प्रचार: आधी घड्याळाचा कोणता भाग ते ओळखा

वाक्प्रचारांची लांबलचक यादी पाठ करण्याचा फारसा उपयोग होत नाही, कारण ‘क्लॉक’ सगळ्यांत सारखंच दिसतं आणि अर्थ एकमेकांत मिसळतात. त्यापेक्षा प्रत्येक वाक्प्रचारात घड्याळाचं कोणतं काम डोळ्यांसमोर आहे ते बघावं: टिकटिक, काट्यांचं फिरणं, आतली स्प्रिंग, की कामावर हजेरी नोंदवणारं यंत्र.

टिकटिकीत मुदत असते. ‘द क्लॉक इज टिकिंग’ म्हणजे वेळ संपत चालली आहे. यात कर्ता नेहमी घड्याळ असतो, माणूस नाही. ‘वी आर टिकिंग’ असं होत नाही. माणसाला कर्ता करायचं असेल तर ‘वी आर वर्किंग अगेन्स्ट द क्लॉक’: मुदतीआधी काम संपवायची धडपड. मुदत संपण्याआधी ते झालं, तर ‘वी बीट द क्लॉक’. ‘अगेन्स्ट द क्लॉक’चा आणि काटे उलटे फिरण्याचा काही संबंध नाही. घड्याळ इथे शर्यतीतला प्रतिस्पर्धी आहे. सायकलच्या शर्यतीत एकेक स्पर्धक सुटतो आणि फक्त वेळेशी झुंजतो, तिथेही हेच शब्द वापरतात.

‘बॉडी क्लॉक’ आणि ‘बायोलॉजिकल क्लॉक’ विज्ञानात एकाच गोष्टीची नावं आहेत: झोप-जागेपणाची शरीरातली लय. तिची यंत्रणा उलगडल्याबद्दल जेफ्री हॉल, मायकेल रॉसबॅश आणि मायकेल यंग यांना २०१७चं वैद्यकशास्त्राचं नोबेल मिळालं. रोजच्या बोलण्यात मात्र दोन्ही नावं सारखी नाहीत. दूरच्या विमानप्रवासानंतर झोप बिघडली तर ‘माय बॉडी क्लॉक इज अपसेट’ म्हणावं. ‘हर बायोलॉजिकल क्लॉक इज टिकिंग’ म्हटलं की ऐकणाऱ्याला एकच समजतं, मूल होण्याचं वय निघून चाललंय. हे वाक्य दुसऱ्या कुणाबद्दल बोलूच नये. मुद्दा व्याकरणाचा नाही. समोरच्याला ते लागतं.

काटे फिरतात त्यावरून ‘राउंड द क्लॉक’, अमेरिकेत ‘अराउंड द क्लॉक’. मराठीत ‘अहोरात्र’. नामाच्या आधी विशेषण म्हणून आला की मध्ये जोडरेघा येतात: ‘राउंड-द-क्लॉक केअर’. वाक्याच्या शेवटी आला तर रेघा नाहीत: ‘दे वर्क्ड राउंड द क्लॉक’. त्याच्या जोडीला ‘ट्वेंटी-फोर अवर्स’ लावलं तर तेच दोनदा सांगितल्यासारखं होतं. काटे फिरतात ती दिशा ‘क्लॉकवाइज’. उलट दिशेला ब्रिटनमध्ये ‘अँटीक्लॉकवाइज’ म्हणतात, अमेरिकेत ‘काउंटरक्लॉकवाइज’.

काटे मागे फिरवणं थोडं गुंतागुंतीचं आहे, कारण त्याचा एक अर्थ अगदी खरा आहे. युरोपात आणि उत्तर अमेरिकेच्या बहुतेक भागांत वर्षातून दोनदा घड्याळं खरोखर एक तास पुढे-मागे करतात. ब्रिटन आणि युरोपीय संघात मार्चच्या शेवटच्या रविवारी पुढे, ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी मागे. अमेरिकेत २००७पासून मार्चच्या दुसऱ्या रविवारी पुढे आणि नोव्हेंबरच्या पहिल्या रविवारी मागे. त्याबद्दल बोलताना अनेकवचन येतं: ‘द क्लॉक्स गो बॅक टुनाइट’, ‘पुट द क्लॉक्स फॉरवर्ड’. दिशा लक्षात राहावी म्हणून ‘स्प्रिंग फॉरवर्ड, फॉल बॅक’ म्हणतात. ‘स्प्रिंग’ म्हणजे वसंत आणि उडी, ‘फॉल’ म्हणजे अमेरिकन इंग्रजीत शरद आणि पडणं.

एकवचन आलं की बहुधा वाक्प्रचार समजावा. ‘टर्न बॅक द क्लॉक’ म्हणजे काळाचं चक्र उलटं फिरवणं, आणि याच्या दोन छटा आहेत. ‘इफ आय कुड टर्न बॅक द क्लॉक’मध्ये हळहळ असते. ‘धिस लॉ पुट्स द क्लॉक बॅक फिफ्टी इयर्स’मध्ये टीका असते: या कायद्याने आपल्याला पन्नास वर्षं मागे नेलं. छटा कोणती ते कर्त्यावरून कळतं. कर्ता ‘मी’ असेल तर बहुतेकदा हळहळ, कायदा, निर्णय किंवा सरकार असेल तर टीका.

‘क्लॉकवर्क’ म्हणजे चावी आणि स्प्रिंगवर चालणारी यंत्रणा. चावीचं खेळणं ते ‘क्लॉकवर्क टॉय’. त्यावरून ‘एव्हरीथिंग वेंट लाइक क्लॉकवर्क’: सगळं ठरल्याप्रमाणे, विनाअडथळा पार पडलं. लोक इथे ‘लाइक अ क्लॉक’ म्हणून मोकळे होतात, तसं नको. ‘क्लॉकवर्क’च्या आधी ‘अ’ही येत नाही. वक्तशीर माणसाला ‘रेग्युलर ॲज क्लॉकवर्क’ म्हणतात किंवा ‘यू कुड सेट युअर वॉच बाय हिम’, म्हणजे तो आला की आपलं घड्याळ लावून घ्यावं.

हजेरीच्या यंत्रातून ‘क्लॉक इन’ आणि ‘क्लॉक आउट’ आले. ब्रिटनमध्ये ‘क्लॉक ऑन’ आणि ‘क्लॉक ऑफ’ही चालतं, अमेरिकेत ‘पंच द क्लॉक’. यांना कर्म लागत नाही: ‘आय क्लॉक इन ॲट नाइन’. पगार मिळतो त्या वेळेत असणं ‘ऑन द क्लॉक’, त्याबाहेर ‘ऑफ द क्लॉक’. सुटायची वेळ कधी होते म्हणून सारखा भिंतीकडे बघणारा तो ‘क्लॉक-वॉचर’, आणि हा शब्द कौतुकाचा नाही. पुढच्या भेटीला उशीर होऊ नये म्हणून अधूनमधून घड्याळ बघत असाल तर स्वतःबद्दल ‘आय ॲम कीपिंग ॲन आय ऑन द क्लॉक’ म्हणा. ‘वॉचिंग द क्लॉक’ म्हटलंत तर कंटाळा आलाय असा अर्थ निघतो.

‘क्लॉक’ क्रियापद म्हणून आलं की मागेपुढे काय आहे ते नीट बघायचं. ‘ही वॉज क्लॉक्ड ॲट ए हंड्रेड अँड फॉर्टी’मध्ये वेग मोजला गेला. ‘शी हॅज क्लॉक्ड अप ट्वेंटी इयर्स’मध्ये वीस वर्षं जमा झाली. ब्रिटिश बोलीत ‘आय क्लॉक्ड हिम’ म्हणजे तो माझ्या नजरेस पडला. पण याच शब्दांचा अर्थ ‘मी त्याला ठोसा लगावला’ असाही होऊ शकतो, आणि संदर्भ सोडला तर फरक कळत नाही. गाडीच्या बाबतीत ब्रिटनमध्ये ‘क्लॉक’ म्हणजे अंतर मोजणारा आकडा: ‘फिफ्टी थाउजंड माइल्स ऑन द क्लॉक’. ‘अ क्लॉक्ड कार’ म्हणजे तो आकडा लबाडीने मागे नेलेली गाडी.

खेळातले वाक्प्रचार कमी आहेत. आघाडीवर असलेला संघ काहीच धोका न पत्करता वेळ काढतो, त्याला ‘रन आउट द क्लॉक’ म्हणतात, आणि राजकारणातही तो वापरतात. ‘शॉट क्लॉक’ बास्केटबॉलचं: चेंडू हाती आल्यावर संघाने किती वेळात तो बास्केटकडे फेकायचा, ते मोजणारं घड्याळ. एन.बी.ए. या अमेरिकेतल्या व्यावसायिक बास्केटबॉल लीगने १९५४मध्ये २४ सेकंदांची मर्यादा आणली ती अशाच वेळकाढूपणावर उपाय म्हणून. अमेरिकन बोलीतलं ‘क्लीन समवन्स क्लॉक’ म्हणजे धुलाई करणं किंवा दणदणीत हरवणं. इथे ‘क्लॉक’ म्हणजे चेहरा. औपचारिक लिखाणात ते नको.

शब्दशः घेतले तर फसवणारे

‘ॲट दि इलेव्हन्थ अवर’ म्हणजे अकरा वाजता नव्हे. बायबलमध्ये मत्तयच्या शुभवर्तमानात द्राक्षमळ्यातल्या मजुरांचा दृष्टांत आहे. दिवसाचे बारा भाग धरले तर अकरावा भाग मावळतीच्या जवळचा, साधारण संध्याकाळी पाचचा. तेव्हा कामावर आलेले मजूर अगदी शेवटी आलेले. मराठीत आपण ‘शेवटच्या घटकेला’ किंवा ‘ऐनवेळी’ म्हणतो ते हेच.

‘मिनिट्स टू मिडनाइट’मध्ये संकट जवळ आल्याची सूचना असते. अणुशास्त्रज्ञांच्या एका अमेरिकन नियतकालिकाने १९४७मध्ये ‘डूम्सडे क्लॉक’ हे प्रतीक सुरू केलं, तेव्हा काटा मध्यरात्रीला सात मिनिटं कमी दाखवत होता. त्या घड्याळात मध्यरात्र म्हणजे विनाश.

‘ॲट युअर थ्री ओक्लॉक’ ही दिशा आहे. तुम्ही तबकडीच्या मध्यभागी आहात आणि बारा समोर, असं धरायचं. म्हणजे तीन उजवीकडे, सहा पाठीमागे, नऊ डावीकडे. वैमानिक असं बोलतात, आणि दृष्टिहीन व्यक्तीला ताटात काय कुठे आहे हे सांगायलाही ही पद्धत फार सोयीची आहे. ‘फाइव्ह ओक्लॉक शॅडो’ म्हणजे सकाळी दाढी केल्यावर संध्याकाळपर्यंत गालावर उगवलेले खुंट. ‘ईव्हन अ स्टॉप्ड क्लॉक इज राइट ट्वाइस अ डे’ हे नेहमी चुकणाऱ्याचं एखादं म्हणणं बरोबर निघतं तेव्हा म्हणतात. त्यात टोमणा आहे, म्हणून ज्याच्याबद्दल बोलताय त्याच्या तोंडावर नको.

उलट दिशेनेही फसगत होते. ‘त्याचे बारा वाजले’ किंवा ‘तीन तेरा वाजले’ यांना इंग्रजीत घड्याळ लागतच नाही. ‘इट स्ट्रक ट्वेल्व्ह फॉर हिम’ म्हटलं तर इंग्रजी माणसाला काही बोध होणार नाही. ‘ही इज रूइन्ड’ किंवा ‘इट वेंट कम्प्लीटली राँग’ असं साधं सांगावं.

सराव

वहीचं एक पान टिकटिकीला, एक काट्यांना, एक स्प्रिंगला, एक हजेरीला द्या. एका दिवशी चार-पाचपेक्षा जास्त वाक्प्रचार घेऊ नका. प्रत्येकाचं पूर्ण वाक्य लिहा, शब्दयोगी अव्ययासकट, कारण विसरतं ते बहुतेक वेळा ‘अगेन्स्ट’, ‘फॉर’ आणि ‘बाय’. ‘क्लॉक’ कुणी विसरत नाही. दोन दिवसांनी मराठी बाजू उघडी ठेवून इंग्रजी झाका आणि तोंडाने म्हणा. सुरुवात या सहा वाक्यांनी करा. उत्तरं त्यांच्याखाली आहेत.

१. माझं घड्याळ रोज एक मिनिट मागे पडतं.
२. मी साडेसहाचा अलार्म लावला होता, पण तो वाजलाच नाही.
३. दीड वाजता भेटू.
४. सोहळा अगदी सुरळीत पार पडला.
५. पथकं अहोरात्र काम करत आहेत.
६. तिने ऐनवेळी विचार बदलला.

उत्तरं:

१. माय वॉच लूझेस अ मिनिट अ डे.
२. आय सेट द अलार्म फॉर हाफ पास्ट सिक्स, बट इट डिडन्ट गो ऑफ.
३. लेट्स मीट ॲट हाफ पास्ट वन.
४. द सेरेमनी वेंट लाइक क्लॉकवर्क.
५. द टीम्स आर वर्किंग राउंड द क्लॉक.
६. शी चेंज्ड हर माइंड ॲट दि इलेव्हन्थ अवर.

पहिल्यात ‘इज स्लो’ लिहिलं असेल तर ‘रोज’ हा शब्द पुन्हा वाचा. दुसऱ्यात ‘डिडन्ट रिंग’ही चालतं, ‘ॲट हाफ पास्ट सिक्स’ मात्र चालत नाही.